गळक्या जोडावरचं अळू

आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत कुणाच्या भिंतीला जरा ओल आली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो पडतो. फोटोखाली रागावलेल्या चेहऱ्यांची रांग, सेक्रेटरीला टोमणे, आणि एखादे निवृत्त साहेब पाण्याचं महत्त्व समजावून मोकळे. संध्याकाळपर्यंत प्लंबर येऊन नळ आवळून जातो. चांगलंच आहे की! पाणी वाया जाऊ नये हे मला कळत नाही असं नाही. पण असा फोटो पाहिला की मला उगाचच राग येतो. तो कुणाला सांगायची सोय नाही, कारण मग हेही सांगावं लागेल की अख्ख्या दिल्लीत पाण्याची गळती जिवापाड जपणारं एक घर होतं, आणि ते आमचं होतं.

सरोजिनी नगरमध्ये आमचं सरकारी क्वार्टर होतं. दुमजली इमारतींची लांबच लांब रांग, खाली एक कुटुंब, वर एक. आम्ही खाली. मागे हातभर अंगण. पाणी कमेटीचं. दिल्लीतली जुनी माणसं नगरपालिकेला कमेटीच म्हणायची. ते सकाळी यायचं आणि संध्याकाळी यायचं, मधल्या वेळात बादल्या, ड्रम, पातेली जे काही भरून ठेवलं असेल त्यावर घर चालायचं. अंगणाच्या कोपऱ्यात एक लोखंडी पाइप जमिनीतून बाहेर येऊन भिंतीच्या कडेनं वरच्या मजल्यावर जायचा. त्याचा जमिनीलगतचा जोड गळत होता. पाणी आलं की तिथून धार सुटायची, आणि पाणी गेलं तरी तिथली माती ओली राहायची.

आई कोकणातली. लग्न झालं आणि बाबांच्या नोकरीपायी थेट दिल्लीत येऊन पडली. "दोन वर्षांत मुंबईला बदली करून घेतो," असं बाबा तेव्हा म्हणाले होते म्हणे. कसली बदली अन् कसलं काय! पहिल्या उन्हाळ्यात लू, म्हणजे तिथली ती होरपळवणारी झळ, सुटली, तेव्हा ती दारंखिडक्या लावून दिवसच्या दिवस रडत बसली होती. हे तिनंच आम्हाला नंतर हसत हसत सांगितलं. दिल्लीवर तिचा एकच मोठा आरोप होता. "इथली माती मेली घटाघटा पाणी पिते आणि ढेकरसुद्धा देत नाही," असं ती म्हणायची.

एका सुट्टीत गावाहून येताना तिनं ट्रंकेच्या कोपऱ्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून, अळकुड्या आणल्या. म्हणजे अळूचे कांदे, जे जमिनीत पुरले की वर पानं येतात. बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, दिल्लीत अरबी ढिगानं मिळते!"

"अरबी मिळते. पानं मिळतात का?"

बाजारात कांदे मिळायचे, पानं नाही. आणि आईला पानंच हवी होती. अळूवडीसाठी, फतफत्यासाठी. तिनं त्या अळकुड्या आधी अंगणात भिंतीच्या सावलीला लावल्या. लूनं त्या अक्षरशः भाजून काढल्या. उरलेल्या तिनं पाइपच्या जोडापाशी खोचल्या, आणि तिथे अळूनं जीव धरला. पावसाळ्यात तर असं माजलं की आम्ही भावंडं लपाछपीत त्यामागे लपायचो. तिच्या घरी अळू न्हाणीच्या मागे असायचं. आम्ही बाथरूमवाली दिल्लीची मुलं, न्हाणी म्हणजे काय तेच आम्हाला ठाऊक नाही. मग ती समजावून सांगायची की आंघोळीचं पाणी जिथून वाहत जातं तिथे अळू, त्याच्या पुढे केळ, त्याच्या पुढे कर्दळ, आणि मग एकदम विहीर. सांगता सांगता ती मध्येच थांबायची आणि आम्ही "मग पुढे?" म्हटलं तरी तिला ऐकू जायचं नाही.

संध्याकाळी घरातली कामं आवरली की ती पाटावर तिथे जाऊन बसायची. हातात निवडायची भाजी असायची, पण निवडणं नावालाच. पानांवर थेंब पडत असायचे, ओल्या मातीचा वास असायचा, आणि आई आमच्यात नसायची. तेवढा वेळ आम्ही तिला काही मागायचो नाही, इतपत अक्कल आम्हाला होती.

आता बाबांचं ऐका. बाबा म्हणजे नियमाचा माणूस. सरकारी वसाहतीत दुरुस्तीच्या तक्रारी घेणारं एक खोलीएवढं ऑफिस असतं, त्याला सगळे इन्क्वायरी म्हणतात. दर रविवारी दाढी करता करता बाबा जाहीर करायचे, "उद्या इन्क्वायरीला जाऊन त्या जोडाचं सांगून येतो. सरकारी पाणी आहे, असं वाहू देणं बरं नव्हे."

"या ना सांगून," आई आतून म्हणायची. "आणि गणपतीत अळूवडी मागू नका म्हणजे झालं."

की संपलं. बाबांचा जीव तत्त्वावर होता, पण अळूवडीवर जास्त होता. सोमवार यायचा, बाबा सायकल काढून ऑफिसला जायचे आणि जोड गळतच राहायचा. एकदा स्वयंपाकघरातला नळ बदलायला प्लंबर आला होता. त्याची नजर अंगणात गेली. आई लगबगीनं पाइपच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिच्या त्या जगावेगळ्या हिंदीत म्हणाली, "वो मत देखो भैया, वो हमने रखा है." प्लंबर बिचारा चहा पिऊन, मान हलवत गेला.

वरच्या मजल्यावर पंजाबी कुटुंब होतं, नवराबायको दोघंच, मुलगा बाहेरगावी शिकायला. फाळणीत घरदार मागे टाकून आलेली माणसं. नवऱ्याला आम्ही काका म्हणायचो आणि त्या बाईंना आंटी. आई त्यांना तोंडावर भाभीजी म्हणायची आणि घरात "वरच्या वहिनी." आवाज असा खणखणीत की त्यांनी वरून भाजीवाल्याला हाक मारली तर पुढच्या गल्लीतला थांबायचा. आई पानं कापायला बसली की वरून हमखास यायचं, "बहनजी, आज फिर घास काट रही हो?" पहिल्यांदा अळूवडीची बशी वर गेली तेव्हा त्यांनी वडी उजेडात धरून उलटसुलट पाहिली होती. खाल्ल्यावर मात्र विषय संपला. पुढे आमच्याकडे वडी तळायला घेतली आणि वास वर गेला की त्या लाटण्यानं जमिनीवर ठोकायच्या, आणि आई खालून ओरडायची, "आतीय, आतीय! जरा दम धरा!" दम धरा हे मराठीच, पण त्यांना ते बरोब्बर समजायचं.

उन्हाळ्यात वर पाणी चढायचं नाही. नळाला नुसती करंगळीएवढी धार. आंटी बादली घेऊन खाली यायच्या, आमच्या नळावर भरून जिना चढायच्या. अंग भारी, गुडघे दुखरे, प्रत्येक पायरीला "हाय रब्बा." आई म्हणायची, काय बाई ही दिल्ली, उन्हाळ्यात माडीवर पाणी म्हणून चढत नाही. तिला खरंच तसं वाटायचं. गळणारं पाणी आणि न चढणारं पाणी एकाच पाइपातलं आहे, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाबांच्याही नाही, एवढे हिशेबी असून.

मग एका मे महिन्यात, सकाळी ऐन पाण्याच्या वेळी, जिन्यात बादली गडगडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आंटींची किंकाळी. पाय मुरगळून त्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, साडी ओलीचिंब, आणि बादली आमच्या दारात. आईनं आणि काकांनी धरून त्यांना वर नेलं. आई आंबेहळद उगाळून घेऊन गेली, वाटी धरायला मला सोबत नेलं. घोटा हा एवढा सुजला होता. आई लेप लावत होती, तेवढ्यात काका वैतागून म्हणाले, "बस, बहुत हो गया. मैं अभी इन्क्वायरी जाता हूँ. नीचे का जोड़ ठीक होगा तो पानी अपने आप ऊपर चढ़ेगा."

"चुप करो जी," आंटींनी त्यांना दटावलं. "बहनजी बैठी हैं."

आईचा हात थांबला. "कौन सा जोड?" तिनं विचारलं.

काका उठून बाल्कनीत गेले. मग आंटीच म्हणाल्या की सोडा हो, नळवाल्यानं तर हे कधीच सांगितलं होतं, दोन-तीन उन्हाळे झाले असतील. आईला ते कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा ती एकदम मराठीतच बोलली, "अहो, मग मला सांगायचं नाही का वहिनी? मी काय राक्षसीण आहे?"

आंटींना शब्द समजले नसतील, बाकी सगळं समजलं. त्या म्हणाल्या, "तुम शाम को वहाँ बैठती हो ना, मैं ऊपर से देखती हूँ. उस वक़्त तुम्हारी शक्ल ही और हो जाती है. मेरा जो था वो उधर रह गया, अब कोई ला के नहीं देगा. तुम्हारा ज़रा सा आ गया है, वो भी मैं बंद करा दूँ? बाल्टी ही तो उठानी थी."

आईनं लेप पुरा लावला, फडकं बांधलं आणि ती खाली आली. त्या दिवशी रात्री घरात नुसती खिचडी झाली, तीही लागलेली. ती पाइपपाशी बसायला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चांगलं इस्त्रीचं पातळ नेसली, मला म्हणाली, "चल, मला हिंदी कमी पडेल," आणि आम्ही दोघी इन्क्वायरीला गेलो. हिंदी कमी पडेल म्हणे! मला तिनं तोंड उघडू दिलं नाही. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "माताजी, लीकेज कब से है?"

"बहोत साल से."

"तो इतने साल आप लोग क्या कर रहे थे?"

"अळू खा रहे थे," आई म्हणाली.

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीकडे बघायला लागले. आज बघतो, उद्या माणूस पाठवतो, असं त्यानं बरंच सांगून पाहिलं. आई बाकावर बसली ती बसलीच. शेवटी तिला टाळण्यापेक्षा प्लंबर पाठवणं सोपं, असं त्यांच्या लक्षात आलं असावं.

जोड उघडायला भोवतालचं अळू काढावं लागणार होतं. प्लंबरनं फावडं उचललं तेव्हा आई म्हणाली, "थांब रे बाबा, मी काढते." तिनं पदर खोचला आणि हातानं माती उकरून एकेक गड्डा सोडवला. तो चिखल तिच्या कोपरापर्यंत आला होता. मला तेव्हा आंटींचा राग आला होता, काकांचा आला होता, त्या मेल्या पाइपाचाही आला होता. जोड बसला. पाणी आलं. वरच्या मजल्यावर मोकळ्या बादलीत धार पडल्याचा दणदणीत आवाज झाला आणि आंटींची आरोळी आली, "आ गया! बहनजी, आ गया!" आई हसली. चिखलाचे हात तसेच वर करून हसली, आणि हसता हसता तिला असं रडू कोसळलं की प्लंबर घाईघाईनं आपली हत्यारं गोळा करायला लागला.

संध्याकाळी बाबा ऑफिसमधून आले. वर्षानुवर्षं तक्रार करायला निघालेला हा माणूस कोरड्या पाइपकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, निदान गणपतीपर्यंत तरी थांबायचं."

"वहिनींचा पाय थांबणार आहे का गणपतीपर्यंत?" आई म्हणाली. बाबांनी मुकाट्यानं चप्पल काढली.

अळू पुन्हा तिथेच लावलं, पण आता पाणी हातानं घालायचं. उन्हाळ्यात आधीच मोजकं पाणी, त्यात मातीचा तो खाक्या. पानं तळहाताएवढी झाली, मग त्याहून लहान. आंटींचा पाय बरा झाला तशा त्या डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी वरून "हटो नीचे!" असं ओरडून थेट त्या कोपऱ्यात ओतायच्या. निम्मं अळवावर, निम्मं वाळत घातलेल्या कपड्यांवर. आई खालून कातावायची आणि कपडे पुन्हा पिळायची. गणपतीपुरत्या वड्या निघायच्या, त्याहून जास्त नाही. पण संध्याकाळी पाट टाकून बसणं गेलं ते गेलंच. मी एकदा म्हटलं, "आई, बस ना थोडा वेळ." ती म्हणाली, "आता तिथे काय आहे?" आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

पुढे काका रिटायर झाले आणि ती दोघं मुलाकडे फरिदाबादला गेली. निघताना आंटी आणि आई एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं. काही वर्षांनी बाबाही रिटायर झाले. सरकारी क्वार्टर म्हणजे नोकरी संपली की घर संपलं. यमुनेपलीकडे मयूर विहारला सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, तिथे आम्ही आलो. आईनं एक गड्डा बरोबर आणला आणि बाल्कनीत कुंडीत लावला. एक पावसाळा तो कसाबसा जगला, मग गेला. तिनं कुंडीत कोरफड लावली. माझं लग्न झालं, संसार झाला, आणि बाबा गेल्यावर तिच्यासाठी मी याच घरी परत राहायला आले.

शेवटच्या वर्षात तिचं अन्नावरचं मन उडालं. डॉक्टर म्हणायचे, जे मागतील ते द्या. पण ती मागेल तर ना! मी रोज विचारायचे, ती रोज "काही नको गं" म्हणायची. आणि एक दिवस सकाळी आपणहून म्हणाली, "फतफतं खावंसं वाटतंय."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पिशवी घेऊन उडतच खाली गेले. भाजीवाला म्हणाला, अरबी ले जाओ. दुसरा म्हणाला, पत्तों के लिए बरसात में आना. बरसातीपर्यंत थांबायला आमच्याकडे वेळ नव्हता. ओळखीच्या मराठी बायकांना फोन केले, सगळ्या हळहळल्या, अळू कुणाकडे नव्हतं. मग डोक्यात आलं की अळू एकदा जमिनीत गेलं की सहसा मरत नाही. कुणी राहत असेल तिथे, चार पानं मागायला काय लाज! मेट्रोनं सरळ सरोजिनी नगर गाठलं.

क्वार्टर्स नव्हतीच. तिथे नवं बांधकाम होणार हे पेपरात वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि समोर उभं राहणं वेगळं. रस्ताभर निळे पत्रे, पत्र्यांच्या वर क्रेन, आणि आत उंचच उंच इमारतींचे सांगाडे. आमची गल्ली कुठली हेसुद्धा मला सांगता येईना. पत्र्यांच्या फटीतून बघत होते तर गार्ड आला. "मैडम, किससे मिलना है?"

काय सांगणार? "किसी से नहीं," म्हटलं आणि मागे फिरले.

घरी येताना पालक घेतला. फतफत्यासारखाच केला. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, चिंच-गूळ, वरून हिंगाची फोडणी. काही झालं तरी आज तिच्या पोटात चार घास गेले पाहिजेत, एवढंच मनात होतं. ऊन भात आणि वाटी घेऊन तिच्यापुढे बसले. तिनं एक घास घेतला, जिभेवर घोळवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पालक आहे."

"हो."

"मग पालक म्हणून वाढायचा. मी काय नाही म्हणणार होते?"

मला खोटं बोलवेना. सांगून टाकलं सगळं. बाजार, फोन, मेट्रो, निळे पत्रे. "अळू नाही मिळालं गं आई. क्वार्टर्सच पाडली सगळी. आपलं, वरचं, पूर्ण रांग गेली."

मला वाटलं आता हिचा घास अडकणार. जन्मभर जे एवढंसं हाताशी होतं, ते गेल्याचं मी हिला जेवता जेवता सांगितलं, काय मी तरी! पण ती माझ्याचकडे बघत राहिली. मग तिनं उष्टा हात ताटात ठेवून डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"म्हणजे तुझं माहेर पाडलं की गं," ती म्हणाली.

इतकी वर्षं त्या घराला मी क्वार्टरच म्हणत आले होते. गार्डसमोर माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. तिथे, तिच्या ताटापुढे, हातात पळी धरून मी लहान मुलीसारखी रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "वाढ अजून. आणि तूही घे थोडं, सकाळपासून उपाशी आहेस."